गोदावरीचा गाळ गेला कुठे? धरणं, पाऊस आणि समुद्राचा तळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदावरीवर बोलायला गेलं की नाशिक, पैठण, नांदेडकडची मंडळी पाण्याविषयीच विचारतात. किती टीएमसी साठा, किती क्युसेक विसर्ग, वरच्यांनी खाली सोडलं की नाही. गाळाची आठवण होते ती शेवटी, चहाच्या वेळी, आणि तीही “एक येडा प्रश्न विचारू का?” अशा सुरुवातीने. त्या येड्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

समुद्राच्या तळाशी वाळूच असते ना?

किनाऱ्यावर वाळू दिसते म्हणून आतही तीच असेल असं वाटतं खरं. पण मोठ्या नदीच्या मुखासमोर होडीतून लोखंडी चिमटा तळाशी सोडून नमुना वर घेतला, तर बहुतेक वेळा हाती चिखल येतो. हिरवट-काळा, लोण्यासारखा मऊ, कुजक्या अंड्याचा वास मारणारा. तळाच्या चिखलात दोन-चार बोटं खाली गेलं की प्राणवायू संपतो, आणि तिथले जिवाणू कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगताना तो वासाचा वायू सोडतात.

कणांच्या आकारावरून तीन नावं आहेत. ०.०६३ मिलिमीटरपेक्षा मोठा कण म्हणजे वाळू, त्याखाली पोयटा, आणि ०.००४ मिलिमीटरच्या खाली चिकणमाती. प्रयोगशाळा जवळ नसेल तर दात आहेतच. पोयटा दातांखाली कचकचतो, चिकणमाती कचकचत नाही. भूशास्त्राची माणसं खरोखर चिमूटभर माती चावून बघतात. बघणाऱ्याला किळस येते, पण अंदाज सहसा चुकत नाही.

महाराष्ट्राच्या मातीचा बंगालच्या उपसागराशी काय संबंध?

अरबी समुद्र त्र्यंबकेश्वरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. तिचं खोरं सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. कृष्णेचंही तेच: उगम महाबळेश्वरला, मुख आंध्रात. घाटमाथ्याच्या पूर्वेला पावसाने धुऊन गेलेली काळी माती कोकणात उतरत नाही. ती मराठवाडा, तेलंगण ओलांडून राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला मिळते. निदान मिळत असे.

ही माती समुद्रात ओळखूही येते. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याची झीज होऊन जी माती होते ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात भेगाळते. खोऱ्याच्या पूर्वेकडचे, म्हणजे इंद्रावती, शबरी या उपनद्यांच्या वाटेवरचे खडक त्याहून कितीतरी जुने, वेगळ्या घडणीचे. त्यामुळे समुद्रतळाचा चिमूटभर चिखल घेऊन त्यातल्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजलं, तर त्यातली किती माती दख्खनची आणि किती पूर्वघाटाकडची हे सांगता येतं.

नदीतला गढूळपणा समुद्रात किती आत जातो?

याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. मी एकदा पैठणच्या बाजूच्या शेतातली काळी माती आणून दोन काचेच्या पेल्यांत ढवळली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मूठभर मीठ विरघळवलेलं. पहिल्या पाच मिनिटांत काहीच फरक दिसेना. मग मिठाच्या पेल्यात माती दह्यासारखी फाटायला लागली, बारीक फुटकुळ्या धरून खाली बसू लागली, आणि तासाभरात वर नितळ पाणी दिसू लागलं. साध्या पाण्याचा पेला दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखाच होता.

नदीच्या मुखाशी हेच घडतं. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा एकटा कण संथ पाण्यात दिवसाला जेमतेम फूटभर खाली जातो. पन्नास मीटर खोलीचा तळ गाठायला त्याला पाच महिने लागतील. पण खारं पाणी लागलं की कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि मुखापासून फार लांब न जाता बसतात. वाळू तर पहिल्या वळणालाच खाली बसते आणि लाटा तिला किनाऱ्याकडेने ओढत नेतात. म्हणून किनाऱ्यालगत वाळूचा पट्टा, त्यापुढे चिखलाचा, आणि त्याही पलीकडे जिथे नदीचं फारसं काही पोचत नाही तिथे जुनी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, अशी साधारण मांडणी दिसते. वादळं ती मधूनमधून उलटीपालटी करतात.

धरणाचे दरवाजे उघडले की गाळ पुढे जातो ना?

हा गैरसमज इतका पक्का आहे की अभियंत्यांच्या तोंडूनही ऐकलाय.

दरवाजे असतात वर, सांडव्यावर. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ आहेत. ते उघडल्यावर वरचं पाणी जातं, आणि ते आधीच बरंचसं निवळलेलं असतं. जड गाळ तर भिंतीपर्यंत येतच नाही. नदी जिथे जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मोडतो, आणि वाळू, जाड पोयटा तिथेच, म्हणजे जलाशयाच्या शेपटाकडे बसतो. भिंतीजवळ पोचतो तो अगदी बारीक चिखल. मोठ्या जलाशयात येणाऱ्या गाळापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिथेच राहतो, असं जगभर आढळलं आहे.

यात एक गंमत आहे, म्हटली तर. धरण बांधताना तळाचा ‘मृतसाठा’ गाळासाठी सोडलेला असतो. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा ७६ च्या आसपास, राहिलेलं मृत. हिशेब असा की गाळ शहाण्यासारखा खाली जाऊन मृतसाठ्यात बसेल. गाळाला तो हिशेब कुणी सांगितलेला नाही. शेपटाकडे बसणारा गाळ उपयुक्त साठाच खातो. मे महिन्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं, पाणी मागे हटतं तेव्हा बुडित क्षेत्रात चालत जाऊन बघा. हाताएवढ्या रुंद भेगा, भेगांच्या कडेला पापुद्र्यासारखे एकावर एक थर, आणि त्यातच कुणीतरी गाळपेर केलेली. एकेका पुराचा एकेक पापुद्रा. समुद्राच्या तळाशी जी पानं लिहिली जायची ती आता इथे लिहिली जातात.

गोदावरीवरचं याचं जुनं उदाहरण म्हणजे नांदूरमधमेश्वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बंधारा, गाळाने भरत गेला, उथळ दलदल झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ म्हणून जाहीर झाला. पाटबंधाऱ्याच्या खात्यात तोटा, पक्ष्यांच्या खात्यात जमा.

गाळ किती घटला? आकडे आहेत का?

आहेत. आंध्रात पोलावरमजवळ नदीतला तरंगता गाळ मोजतात. १९७० च्या दशकात तो वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या आसपास होता. १९९० च्या दशकात ६ कोटींच्या खाली आला. पाऊस काही त्या प्रमाणात घटलेला नाही. याच मधल्या काळात, १९७६ ला, जायकवाडी झालं, खाली तेलंगणात श्रीरामसागर झालं, आणि उपनद्यांवर लहानमोठी धरणं किती झाली ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. प्रवरेवरचं भंडारदरा तर १९२६ चं.

कृष्णेची स्थिती याहून वाईट. कोयना, उजनी, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी उतरंडच आहे. तिच्या मुखाशी आता पोचणारा गाळ नावापुरता उरला आहे.

१८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने राजमहेंद्रीजवळ दवळेश्वरमला बांधलेल्या बंधाऱ्याला लोक कधीकधी दोष देतात. तो बंधारा बुटका होता. पुरात गाळ त्याच्यावरून निघून जायचा. खरी कात्री लागली ती उंच भिंतींच्या धरणांनी.

पाऊस कमी झाला की धूपही कमी, म्हणजे समुद्रात गाळ कमी. बरोबर ना?

मलाही असंच वाटायचं. गोदावरीच्या बाबतीत उत्तर उलटं निघालं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वात रंजक वाटणारी गोष्ट हीच आहे.

२००६ मध्ये जॉइडेस रिझोल्यूशन हे खोदकाम करणारं जहाज भारताच्या किनाऱ्यावर आलं होतं. शोध होता गोठलेल्या मिथेनचा, म्हणजे गॅस हायड्रेटचा. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळात नळी खुपसून चिखलाचे लांबच लांब दंडगोल काढले. त्यातल्या एकाचा पुढे अगदी वेगळ्या कामासाठी उपयोग झाला: गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत नदीने काय काय आणलं याची खातेवही म्हणून.

वाचन असं निघालं. सुरुवातीच्या काही हजार वर्षांत मोसमी पाऊस दमदार होता, तरी गाळ तुलनेने कमी. गेल्या चार-साडेचार हजार वर्षांत पाऊस मंदावला, दख्खन कोरडं झालं, आणि समुद्रात येणारा गाळ वाढला. पुष्कळ वाढला, आणि त्यातला दख्खनच्या काळ्या मातीचा वाटाही.

कारण झाडोरा. भरपूर पाऊस असतो तेव्हा जमीन गवताने, झाडांनी झाकलेली असते. थेंब मातीवर आपटत नाही, मुळं तिला धरून ठेवतात. पाऊस कमी झाला की गवत विरळ होतं, उन्हाळ्यात जमीन उघडी पडते, आणि मोसमी पाऊस कमी झाला तरी येतो तो चार महिन्यांतच, तोही झोडपून. जूनचा पहिला वळीव उघड्या वावरावर पडला की ओढ्याला काय रंगाचं पाणी येतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

त्यात माणसाची भर पडली. प्रवरेच्या काठी दायमाबाद आणि जोर्वे इथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी गावं होती. पुढे लोखंड आलं, भारी काळ्या जमिनी नांगराखाली आल्या. समुद्रातल्या खातेवहीत त्याचीही नोंद सापडते: खाली आलेल्या मातीतला कार्बन अधिकाधिक जुना होत जातो. म्हणजे नुसता वरचा थर नव्हे, खालची शेकडो वर्षं पडून असलेली मातीही उघडी पडून वाहायला लागली होती.

चिखलाच्या थराचं वय कसं काढतात?

अलीकडच्या शंभरेक वर्षांसाठी शिसं-२१० वापरतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, २२ वर्षांचा, त्यामुळे खोलीनुसार ते किती घटत गेलं यावरून वर्षाला किती मिलिमीटर गाळ बसला ते कळतं. पडताळणीला सीझियम-१३७ असतं. ते उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे जगभर पसरलं आणि १९६३ च्या सुमाराचा थर त्याच्या शिखरावरून ओळखता येतो. त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४. पण तो गाळातल्या काडीकचऱ्यावर लावला तर फसगत होते, कारण ती काडी शेतात हजार वर्षं पडून मग समुद्रात आलेली असू शकते. म्हणून तिथल्या तिथे जगून मेलेल्या सूक्ष्म जीवांचे कवच वेचून त्यांचं वय काढतात. भिंगाखाली बसून टाचणीच्या टोकाएवढे शंख निवडायचे. तांदूळ निवडण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे.

गाळ नाही आला तर किनाऱ्याचं काय बिघडतं?

त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने समुद्राकडून मिळवलेली जमीन. ती मिळवून काम संपत नाही. ताजा गाळ स्वतःच्या वजनाने दबत राहतो, जमीन हळूहळू खचत जाते, लाटा किनारा कुरतडत राहतात. दरवर्षी नवा गाळ आला तरच बरोबरी होते. आवक थांबली की बरोबरी मोडते. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांतल्या उपग्रहचित्रांची तुलना केली तेव्हा गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दर्शनी किनाऱ्याने, भर वजा जाता, सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गमावलेली दिसली. तिवरांची राई मुळासकट वाळूत आडवी पडलेली असते. तिथे पूर्वी चिखल होता, आता लाटा आहेत.

पण सगळं खापर धरणांवर फोडणं हा आळशीपणा आहे. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गाव वर्षानुवर्षं समुद्रात जातंय. त्यात गोदावरीच्या वाळूने वाढलेल्या लांबलचक दांड्याने लाटांची दिशा बदलली याचा हात आहे, बंदरासाठी केलेल्या बांधकामांचा आहे, वादळांचा आहे. नदीपात्रातला वाळूउपसा आहेच. त्याचा हिशेब तर कुठेच लागत नाही, आणि का लागत नाही ते महाराष्ट्रातल्या वाचकाला माहीत आहे.

समुद्राची पातळी वाढल्यामुळे हे होतंय असं म्हणतात ते?

तेही आहे, पण काळाचा पल्ला लक्षात घ्या. वीस हजार वर्षांपूर्वी बर्फयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. नद्या आजच्या समुद्रतळावरून वाहत पुढे जायच्या. बर्फ वितळलं, पाणी चढलं, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी पातळी स्थिरावल्यावरच आजचे त्रिभुज प्रदेश उभे राहायला लागले. मुंबईसमोर आत खोल पाण्यात गोल गोल दाण्यांची चुनखडीची वाळू सापडते. अशी वाळू उथळ, उबदार पाण्यात तयार होते. म्हणजे तो तेव्हाचा किनारा. आज पाणी पुन्हा चढतंय, आणि नेमक्या याच वेळी आपण गाळाची रसद तोडली आहे.

कोकण किनाऱ्यावर असंच होतं का?

थोडं वेगळं. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यांचा गाळ बराचसा खाडीतच अडकतो. उत्तर कोकणासमोरच्या चिखलात नर्मदा-तापीचा मोठा वाटा, आणि खंभातच्या आखातातली जबर भरती-ओहोटी तो सतत ढवळत असते. तापीवर उकाई १९७२ मध्ये झालं, नर्मदेवर सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण उंचीला गेलं.

एक विचित्र प्रकरण मात्र खास आपलं आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, पण तिचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडतात. ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळला जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्राला मिळतं, आणि त्या पाण्यासोबतचा गाळ दोघांनाही मिळत नाही. तो शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, बसून आहे.

मासळीवर परिणाम होतो?

होतो. सगळ्यात ठळक उदाहरण नाईलचं. आस्वानच्या उंच धरणात १९६४ पासून पाणी अडायला लागलं आणि इजिप्तच्या किनाऱ्यावरची तारलीच्या जातीची मासळी वर्षाला अठराएक हजार टनांवरून काही शे टनांवर आली. पुरासोबत येणारं खतपाणी बंद झालं, सूक्ष्म वनस्पती घटल्या, मासा गेला. पुढे काही वर्षांनी मासळी पुष्कळशी परत आली, पण तिला पोसत होतं शहरांचं सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेलं रासायनिक खत. याला सुधारणा म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा.

तळाशी राहणाऱ्या जीवांना तर तळच बदलून मिळतो. चिखलात बीळ करणारी कोळंबी वाळूत राहत नाही.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मुळे समुद्राचा गाळ आणखी कमी होईल का?

नाही. धरणात बसलेला गाळ तसाही समुद्रात जाणार नव्हता. २०१७ पासूनची ही योजना मला मनापासून पटते: माती जिथून आली तिथेच परत. फक्त ट्रॅक्टरच्या खेपा आणि नदीचा पूर यांची बरोबरी होत नाही. आणि बांधबंदिस्ती न करता टाकलेला गाळ दोन पावसाळ्यांत पुन्हा त्याच तलावात दिसतो. मी बघितलाय.

मग धरणं पाडायची?

जायकवाडीच्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितात. तिथे उभं राहून हा प्रश्न विचारून बघा.

जिथे गरज संपली तिथे पाडलीही गेली आहेत. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने काढली, आणि काही वर्षांतच मुखाशी नवी वाळूची जमीन तयार झाली. न पाडताही काही करता येतं. चीनमध्ये पीत नदीवर शियाओलांगदी धरणातून २००२ पासून ठरवून जोरदार विसर्ग सोडतात, गाळ ढकलत समुद्राकडे नेतात. त्यासाठी तळाशी मोठे दरवाजे लागतात. ते धरण बांधतानाच ठेवावे लागतात. आपल्या बहुतेक जुन्या मातीच्या धरणांना ते नाहीत. नव्या धरणाच्या अहवालात पाण्याच्या रकान्याशेजारी ‘खाली किती गाळ सोडणार’ असा एक रकाना असावा, एवढी माझी मागणी आहे.

पुढे हवामान बदलेल तसं काय होईल?

मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर वाढल्या आहेत. वर्षभराचा बहुतांश गाळ मोजक्या पुराच्या दिवसांत वाहतो, म्हणजे रानातून माती जास्त जाणार. मात्र ती समुद्रात पोचण्याऐवजी जलाशयांत बसणार. शेतकऱ्याची माती गेली, धरणाची क्षमता गेली, आणि किनाऱ्याला काही मिळालंच नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर कुठे जावं?

मे महिन्यात नाथसागराच्या मागच्या बाजूला, आणि जमलं तर हिवाळ्यात आंध्रात अंतर्वेदीला, जिथे गोदावरीची वसिष्ठा शाखा समुद्राला मिळते. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. तिथल्या वाळूत काळ्या रेघा दिसतील. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांवरून फिरवा, म्हणजे नंतर कण सोडवत बसावं लागत नाही. पिशवीला मिशा फुटल्यासारखे काळे कण उभे राहतात. त्यातले काही पूर्वघाटातले असतील, काही आपल्या काळ्या कातळातले. वेरूळच्या लेण्यांच्या भिंतीला हेच चुंबक दोऱ्याला बांधून टेकवून बघितलंत तर तिथेही ते किंचित ओढ घेतं.